घराभोवती पाणी कशाला? मध्ययुगीन इंग्लंडमधली खंदकातली घरं आणि त्यातली माणसं

२००९ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाची प्रकरणं वर्तमानपत्रांतून एकामागून एक बाहेर येत होती. कुणी दूरचित्रवाणी संच घेतला होता, कुणी बागकामाचं बिल लावलं होतं. त्या सगळ्या गदारोळात लोकांच्या तोंडी राहिला तो मात्र खंदक. हुजूर पक्षाचे खासदार डग्लस हॉग यांनी संसदेच्या कार्यालयाला दिलेल्या खर्चाच्या यादीत लिंकनशायरमधल्या घराभोवतीचा खंदक साफ करण्याचे २,११५ पौंड होते. खंदकासाठी म्हणून आपण वेगळे पैसे मागितलेच नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही रक्कम परत करायची तयारी त्यांनी दाखवली आणि २०१० ची निवडणूक काही लढवली नाही.

हसून झाल्यावर प्रश्न उरतो तो वेगळाच. एकविसाव्या शतकात एखाद्याच्या घराला खंदक असतोच कसा? तर ते घर म्हणजे केटलथॉर्प हॉल. आजची इमारत बरीच अलीकडची आहे, पण जागा मध्ययुगीन. चौदाव्या शतकात तिथे कॅथरीन स्विनफर्ड राहायची. एका बेताच्या ऐपतीच्या सरदाराची ही बायको १३७१ मध्ये विधवा झाली, पुढे राजपुत्र जॉन ऑफ गाँट याच्याशी तिचं नातं जुळलं आणि १३९६ मध्ये त्याच्याशी लग्नही झालं. इंग्लंडचं ट्यूडर राजघराणं तिच्या वंशातून आलं. म्हणजे या खंदकाला इतिहास आहे. आणि तो एकटाही नाही. एकट्या इंग्लंडमध्ये अशा सुमारे ६,००० जागांची नोंद झालेली आहे.

हा किल्ला नव्हे

खंदक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अहिल्यानगरसारखा भुईकोट येतो: जाडजूड तट, बुरूज, तोफा. ते चित्र आधी बाजूला ठेवायला हवं. इथे मधोमध शे-दीडशे फूट लांब-रुंद जमिनीचा चौकोनी तुकडा असतो, कधी थोडा मोठा. त्याच्या चारही बाजूंनी पाण्याचा चर, कुठे दहा फूट रुंद तर कुठे तीस. आत जायला एकच वाट. ती म्हणजे न खणता तशीच सोडलेली मातीची पट्टी किंवा एखादा लाकडी पूल. आत लाकडी सांगाड्याचं, कुडाच्या भिंतींचं घर. दगडी तट बहुतेक ठिकाणी नाही, बुरूज नाही, तोफेचा तर प्रश्नच नाही.

जवळचं काही शोधायचंच, तर आपल्याकडची पाटील-देशमुखांची गढी आठवा. गावात राहणाऱ्या, पण गावापेक्षा एक पायरी वर असलेल्या माणसाचं ते घर. आपल्याकडे पांढऱ्या मातीचा ढीग वर चढवला, तिथे चर खाली खणला. घरात शिरायला माणसाने परवानगी मागायची, एवढं दोन्हीकडे सारखं. गढीची बरोबरी इथेच थांबते, कारण पुढचं सगळं इंग्लंडच्या चिखलावर अवलंबून आहे.

आत राहायचं कोण?

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल: मॅनर. मॅनर म्हणजे एका मालकाच्या ताब्यातली जमीन आणि त्या जमिनीवरच्या माणसांवरचा त्याचा हक्क, दोन्ही मिळून. काही जमीन मालक स्वतः कसायचा, उरलेली कुळांकडे. कुळांत दोन जाती. मोकळी कुळं ठरलेला खंड भरायची आणि मालकाशी त्यांचा संबंध तेवढ्यापुरता. बांधील कुळांना मात्र आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबावं लागे, मुलीच्या लग्नाला मालकाला पैसे द्यावे लागत, आणि घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाकडे जाई. या व्यवहारांचे वाद मॅनरच्याच न्यायसभेत चालत आणि ती सभा बहुतेक वेळा मालकाच्या घरी, त्या पाण्याच्या आतल्या दालनात भरे. वेठीचा माणूस तक्रार घेऊन जाणार तो पूल ओलांडूनच.

मोठे उमराव मात्र या घरांत क्वचितच सापडतील. त्यांना दगडी किल्ले होते. खंदकातल्या घरांत राहणारे बहुतेक मधल्या फळीतले होते: एक-दोन मॅनरचे मालक, लहान सरदार, मठांची शेतीवाडी सांभाळणारे कारभारी, चांगलं उत्पन्न असलेले पाद्री. आणि मला सगळ्यांत रंजक वाटतात ते मोकळे शेतकरी, ज्यांच्याकडे मॅनर नव्हतंच. वॉरिकशायरच्या आर्डन भागात जंगल तोडून ज्यांनी स्वतःची शेतं काढली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी गावापासून दूर घर बांधलं आणि भोवती चरही खणला. कुठे चारही बाजूंनी, कुठे दोन-तीन बाजूंनी भागवलेलं. जमेल तेवढं केलं.

घराच्या आत मुख्य खोली म्हणजे हॉल. छतापर्यंत मोकळा, मधोमध जमिनीवर पेटलेली चूल आणि धूर वर छपराच्या झरोक्यातून जाईल तेव्हा जाईल. खिडक्यांना काच बहुधा नसे, लाकडी झडपा असत. थंडीत झडपा लावल्या की अंधार, उघडल्या की गारठा. एका टोकाला जरा उंच ओटा; त्यावर मालकाचं टेबल. दुसऱ्या टोकाला दोन दारं शेजारी-शेजारी, एकामागे पेयांची कोठी आणि दुसऱ्यामागे पावाची. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने बहुधा वेगळंच. मालक-मालकिणीला रात्री वरच्या मजल्यावर स्वतःची खोली असे. नोकरमाणसं हॉलमध्येच अंग टाकत. त्या नोकरांत बहुतेक पुरुषच, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा. हे वाचून आपल्याला नवल वाटतं, त्या काळच्या इंग्लंडमध्ये ते नेहमीचं होतं.

पाणी आणलं कुठून?

बहुतेक ठिकाणी आणावं लागलंच नाही. या घरांचा नकाशा पाहिला तर ती एसेक्स, सफोक, केंब्रिजशायर, वॉरिकशायर, वूस्टरशायर अशा पट्ट्यांत दाट आहेत आणि इथली जमीन म्हणजे जड चिकणमाती. अशा मातीत खड्डा खणला की पावसाचं पाणी साचतं आणि मुरत नाही. जिथे ते पुरेसं नव्हतं तिथे ओढ्यातून पाट काढून पाणी वळवलं, एका कोपऱ्यात फळीचं दार बसवलं आणि पातळी राखली.

खणून निघालेली माती मधल्या तुकड्यावर पसरायची. त्यामुळे घराची जागा हात-दोन हात उंच होई आणि हिवाळ्यातल्या राडीतून थोडी सुटका. लाकूड आणि कुडाचं घर, वर गवताचं छप्पर, आत उघडा जाळ. अशा घराच्या दाराशी भरपूर पाणी असणं ही चैन म्हणता येणार नाही.

एवढं खणायला परवडायचं कसं?

हिशेबच करून पाहू. मधला तुकडा पन्नास मीटर लांब-रुंद. चर वर आठ मीटर रुंद, तळाशी चार, खोली दोन मीटर. म्हणजे साधारण २,८०० घनमीटर माती. ओली चिकणमाती खणून वर टाकायची तर एक माणूस दिवसाला दोन घनमीटर करेल असं धरू. झाले १,४०० दिवस. वीस माणसं लावली तर सत्तर दिवसांचं काम. १३०० च्या सुमारास बिनकसबी मजुराची रोजी दीड पेनीच्या आसपास होती आणि पौंडात २४० पेनी. सगळं मिळून नऊ पौंडांच्या आत.

त्या काळी वर्षाला २० ते ४० पौंड जमिनीचं उत्पन्न असलं की माणूस नाइट, म्हणजे लढाऊ सरदार, होण्याच्या ऐपतीचा धरला जाई. त्याला हा खर्च जड, पण अशक्य नाही. शिवाय बांधील कुळांची फुकट मजुरी हाताशी असली तर आणखी कमी. त्याखालच्या शेतकऱ्याने लहान, उथळ चर का खणला हेही या आकड्यांवरून कळतं. दगडी तटाचा खर्च याच्या कित्येक पट. माती मात्र सगळ्यांच्याच पायाखाली होती.

मग संरक्षणासाठी नव्हतंच का ते?

होतं, पण सैन्यापासून नव्हे. दोन मीटर पाणी वेढा घालणाऱ्या फौजेला एक दिवसही अडवत नाही. चोराला, लांडग्या-कोल्ह्याला, रात्री सुटलेल्या जनावरांना आणि दारात येऊन भांडणाऱ्या शेजाऱ्याला अडवतं. पाण्यातून ओल्या कपड्यांनी यायचं आणि जाताना बकरी खांद्यावर घेऊन पोहायचं, हा धंदा कुणाला परवडणारा नाही.

आणि चोरांची भीती खरी होती. १२८५ मध्ये राजा पहिला एडवर्ड याने विंचेस्टरचा कायदा केला. त्यात बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना २०० फुटांपर्यंतची झुडपं आणि दबा धरण्याच्या जागा साफ कराव्यात, असं कलम आहे. राजाला कायद्यात झुडपांचा उल्लेख करावा लागतो, यावरून काय ते समजावं. लेस्टरशायरचे फॉल्व्हिल बंधू तर स्वतःच मॅनरवाल्या घरातले. १३२६ मध्ये त्यांनी राजाच्या खजिन्याचा न्यायाधीश रॉजर बेलर्स याला मारलं आणि १३३२ मध्ये रिचर्ड विलोबी या न्यायाधीशाला पळवून १,३०० मार्कांची (एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश) खंडणी घेतली. म्हणजे खंदकाच्या बाहेरचा दरोडेखोर कधी कधी दुसऱ्या खंदकाच्या आतून आलेला असे.

गोष्ट खरोखर हातघाईवर आली की काय होई, याची एक नोंद नॉरफोकमधल्या पॅस्टन कुटुंबाच्या पत्रांत राहिली आहे. ग्रेशम गावचं मॅनर त्यांच्याकडे होतं, तिथलं घर खंदकातलं. १४४८ मध्ये लॉर्ड मोलिन्सने त्यावर हक्क सांगितला आणि माणसं घुसवून ताबा घेतला. जॉन पॅस्टन वकील, लंडनमध्ये खेटे घालणारा. त्याची बायको मार्गारेट गावाकडे. तिने नवऱ्याला लिहिलं की आपलं इथलं घर इतकं बुटकं आहे की लांब धनुष्य आतून चालवता येणार नाही, तेव्हा आडवी धनुष्यं पाठवा, ती ताणायची यंत्रं आणि बाणही पाठवा. पलीकडच्या माणसांनी काय तयारी केली तेही तिने हेरून ठेवलं होतं: दारांना आडवे अडसर, आणि भिंतींना हातबंदुकीसाठी जेमतेम गुडघ्याइतक्या उंचीवर पाच भोकं. त्याच पत्रात पुढे एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापड मागितलं आहे. बाईंची यादी एकच होती.

१४४९ च्या शरद ऋतूत पॅस्टन मंडळींनी त्याच गावातल्या दुसऱ्या घरात बस्तान बसवलं. २८ जानेवारी १४५० ला मोलिन्सची माणसं चालून आली. जॉनच्या तक्रारअर्जात आकडा १,००० आहे. फिर्यादीतला आकडा आहे, तेवढा सोडून द्यावा. आत मार्गारेट आणि तिच्याबरोबरची बारा माणसं. हल्लेखोरांनी शिड्या, कुदळी, विस्तवाची भांडी आणली होती. ती ज्या खोलीत होती तिची भिंत खणून पाडली, तिला उचलून दाराबाहेर नेलं आणि घराचे खांब कापून टाकले. पॅस्टननी पुढे कागदोपत्री भांडून ग्रेशम परत मिळवलं. या सगळ्या प्रकरणात दोन्ही बाजूंना घर धरून ठेवता आलं ते माणसांच्या आणि राजाच्या मर्जीच्या जोरावर. पाण्याचा वाटा त्यात थोडाच.

म्हणजे सगळा दिखावा?

‘दिखावा’ म्हटलं की आपण तो फुकटचा खर्च समजतो. तेराव्या शतकातल्या माणसाला तसं वाटलं नसतं. घराला दंतुर तट बांधायचा तर राजाचा परवाना घ्यायची रीत होती; यॉर्कशायरच्या मार्कनफील्ड हॉलला तो १३१० मध्ये मिळाला. नुसत्या खंदकाला परवाना लागत नसे. त्यामुळे किल्लेदाराचा थाट ज्याला हवा, पण राजदरबारी पोच नाही, त्याला पाणी हा सोपा मार्ग होता. खंड वसूल करणारा, न्यायसभा भरवणारा, वादात साक्षीदार म्हणून बोलावला जाणारा माणूस वेगळा दिसला पाहिजे, तरच त्याचं ऐकलं जाई. मोकळ्या शेतकऱ्याने चर खणला तो याच कारणाने. शेजारच्या सरदाराचं घर त्याला रोज दिसत होतं.

शिवाय मासे. चर्चच्या नियमाने शुक्रवारी, शनिवारी, बऱ्याच घरांत बुधवारीही मांस वर्ज्य, आणि ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवास वेगळा. गरीब माणूस खारवलेला हेरिंग आणि वाळवलेला कॉड खाई. गोड्या पाण्याचा ताजा ब्रीम किंवा पाइक ही श्रीमंतांची थाळी. मोठ्या पाइकची किंमत मजुराच्या कित्येक दिवसांच्या रोजीइतकी. पाहुण्यापुढे स्वतःच्या पाण्यातला मासा ठेवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला समजावायला नको.

पण त्याच पाण्यात संडास सोडायचे ना?

हो, ही शंका रास्त आहे. खंदकाला लागून असलेल्या घरांत शौचकूप बाहेर काढलेला असे आणि घाण सरळ खाली पाण्यात. चेशायरच्या लिटल मोरटन हॉलमध्ये ही सोय आजही पाहायला मिळते. माशांचं उत्तर असं की ज्यांना परवडे ते त्यांच्यासाठी वेगळी तळी खणत आणि पाटाने खंदकाला जोडत. तिथे पाणी वाहतं राही. ज्यांना परवडत नसे त्यांनी काय केलं असेल याचा फार विचार न केलेला बरा. गाळ मात्र साचतच जाई आणि दर काही वर्षांनी उपसावा लागे. उत्खनन करणाऱ्यांची यात एक अडचण होते: प्रत्येक उपशात आधीचा पुरावा निघून गेलेला असतो, म्हणून तळाशी सापडतं ते बहुतेक शेवटच्या काळातलं. जे सापडतं ते मात्र उत्तम. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, फळांच्या बिया असं कोरड्या जमिनीत कुजून गेलेलं सगळं तिथे टिकतं.

या गटारांनी एकदा काही माणसांचा जीवही वाचवला. वॉरिकशायरचं बॅडस्ली क्लिंटन हे खंदकातलं घर १५९१ मध्ये कॅथलिक व्हॉक्स बहिणींच्या ताब्यात होतं. तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक पाद्र्यांना आसरा देणं हा देहदंडाचा गुन्हा. ऑक्टोबरमधल्या एका पहाटे झडती घेणारे दारात आले. हेन्री गार्नेटसह काही जेझुइट पाद्री तेव्हा घरातच होते. नोकरांनी दार अडवून वेळ काढला, तोवर ही मंडळी जुन्या मध्ययुगीन गटाराच्या भुयारात उतरली आणि सुमारे चार तास पाण्यात उभी राहिली. झडतीवाले रिकाम्या हाताने परतले.

शंभर वर्षांतच एवढे खंदक का?

बहुतेक खंदक १२५० ते १३५० या काळातले. तेव्हा इंग्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. खाणारी तोंडं वाढली, धान्य महागलं, जमिनीचा खंड वाढला आणि मजूर स्वस्त झाला. ज्याच्याकडे विकायला गहू होता त्याची चंगळ, ज्याच्याकडे फक्त हात होते त्याची उपासमार. खंदक खणले गेले ते याच तफावतीतून. आपण ज्याला नयनरम्य म्हणून फोटो काढतो, ते दीड पेनीत दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या माणसांचं काम आहे.

१३१५ ते १३१७ च्या अतिवृष्टीने पिकं बुडवली, मोठा दुष्काळ पडला. १३४८-४९ मध्ये प्लेग आला आणि देशाची एक तृतीयांशाहून जास्त माणसं गेली. मजूर मिळेना. रोजी वाढू नये म्हणून १३५१ मध्ये कायदा झाला, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आणि १३८१ मध्ये शेतकरी उठले तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी मॅनरच्या न्यायसभांची दप्तरं जाळली. नवे खंदक कमी होत गेले. श्रीमंतांनी ते पुढेही खणले, पण ते बागेच्या शोभेसाठी जास्त. सफोकच्या हेल्मिंगहॅम हॉलचे उचलते पूल १५१० पासून रोज रात्री उचलले जातात असं सांगतात.

सगळीकडे कारण एकच होतं का?

नाही. आयर्लंडमध्ये वेक्सफर्ड, किलकेनी, टिपररी भागात असेच चौकोनी खंदक आहेत, त्याच काळातले. तिथे ते इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी खणले, बरेचसे त्यांच्या ताब्यातल्या मुलखाच्या कडेला. पलीकडे आयरिश सरदारांचा प्रदेश आणि गुरं पळवणं हा तिथला नेहमीचा प्रकार. तिथे पाण्याच्या आत मातीचा बांधही घातलेला असतो. सफोकमधलं कारण तिथे जसंच्या तसं लावता येत नाही.

पाहायचं असेल तर

लंडनला राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्यांना केंटमधलं आयटम मोट सगळ्यांत सोयीचं. चौदाव्या शतकातलं घर, पाणी थेट भिंतींना टेकलेलं. १९८५ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. पण तिथली गर्दी टाळून साध्या माणसांचे खंदक पाहायचे असतील तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा नकाशा घ्या. त्यात पुरातन जागांची नावं जुन्या वळणाच्या, टोकदार अक्षरांत छापतात. एसेक्स किंवा सफोकच्या कुठल्याही पानावर ‘मोट’ (Moat, म्हणजे खंदक) हा शब्द तशा अक्षरांत दिसेल, बहुधा एखाद्या शेतघराशेजारी. तिथे काटकोनात वळलेलं तळं असेल, एखादी बाजू नांगराने बुजलेली, कडेला झाडी. जागा खासगी असते, त्यामुळे पायवाट सोडून आत जायचं तर आधी विचारावं.